धुतलेले दगड

सकाळी पावणेसहाला, बुटाची नाडी बांधायला ती दाराशी वाकली होती, तेव्हा बैठकीतल्या काचेच्या टाकीतून आवाज आला. टक्. कोरडी काडी मोडावी तसा, एकदाच. ती नाडी हातात धरून तशीच वाकून राहिली. त्या टाकीत आवाज करण्यासारखं काही नव्हतं. पाणी होतं, पाण्यात मीठ होतं, तळाशी वाळू, मागे हीटर आणि पंप, आणि मध्ये दगडांचा ढीग. मासा एकही नव्हता. पाच आठवडे हे घर संध्याकाळी त्या टाकीसमोर बसून दगड बघत होतं. इतर घरांतली माणसं टीव्ही बघतात, भांडतात, ह्यांच्याकडे दगड. आणि ते दगड मेलेले होते. हे ह्या घरात एकट्या तिला माहीत होतं, कारण तिनेच ते मारले होते, ब्रशने घासून, उकळत्या पाण्यात आणि वर ब्लीचमध्ये बुडवून. तेव्हा मेलेला दगड टक् कसा करेल. पुढे जाऊन बघावं तर पायात बूट, आणि बूट घालून बैठकीत पाऊल टाकायचं नाही हा नियम ह्या घरात तिनेच केलेला. दोन मिनिटं ती उंबऱ्यावर मान लांब करून उभी राहिली. पंप घूं करत होता. टाकीने पुन्हा तोंड उघडलं नाही. मग बसची वेळ झाली म्हणून, आणि मुख्य म्हणजे ह्या घरात कुठल्याच गोष्टीचा सरळ छडा लागत नाही ह्या वैतागाने, तिने दार ओढून घेतलं.

बसमध्ये खिडकीशी बसून ती काचेचा तडा, हीटरचं बटण, नळातली हवा असं एकेक कारण लावून बघत होती, आणि एकही धड बसत नव्हतं. ही सगळी भानगड मुळात मुलीची. म्हणजे नवऱ्याच्या मुलीची. म्हणजे आता तिचीही, कागदोपत्री. तेरा वर्षांची, बापाने लाडाने ठेवलेलं नाव मुंगी, आणि मुंगीसारखीच सदा काहीतरी तोंडात धरून भिंतीकडेने गुपचूप जाणारी. लग्नाला सात महिने झाले होते. मुंगीची आई तीन वर्षांपूर्वी गेली. ती पोहायला शिकवायची, आणि घरी खाऱ्या पाण्याची मोठी टाकी ठेवायची, नऊ वर्षं. नवीन घरात ती मोठी टाकी मावेना म्हणून ती मोडली आणि लहान घेतली. पण त्यातले दगड आणायचे असं बाप-लेकीचं ठरलं होतं. का, ते तिला कुणी सांगितलं नाही. ह्या दोघांना वाटतं की जे त्यांना माहीत आहे ते जगाला माहीत असतं. नव्या टाकीत एकदम मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीने मरतो, ती घाण खाऊन टाकणारे जंतू आधी तिथे वस्तीला यावे लागतात, आणि ते जंतू जुन्या टाकीतल्या दगडांच्या भोकाभोकांत राहतात, म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणतात, म्हणून ते ओलेच्या ओले, घाणेरडेच्या घाणेरडे उचलून नव्या पाण्यात ठेवायचे. हे एवढं एक वाक्य. कुणीतरी चहा पिताना बोलून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं.

ती मोठ्या हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात होती. तेवीस वर्षं. ऑपरेशनची हत्यारं रक्ताने माखून खाली येतात, ती घासायची, मोजायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची. गाठोड्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. वाफ पुरेशी लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात, आणि काळ्या रेघा उमटल्या की आत जिवंत असं काही राहिलेलं नसतं. तिचा सगळा जन्म त्या काळ्या रेघांची वाट बघण्यात गेला होता, आणि त्यात तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट अभिमान होता. लग्न उशिरा झालं, मूल नाही, लोक काहीबाही बोलायचे, पण तिच्या हाताखालून गेलेल्या कात्रीने कुणाला काही झालं असं कुणाची बोलायची टाप नव्हती.

तर नव्या घरातल्या त्या पहिल्या दिवशी तिने रजा काढली होती. नवरा दुकानात गेलेला, मुलगी शाळेत. खोकी सगळीकडे. आणि बाथरूममध्ये झाकण लावलेल्या दोन बादल्या. झाकण उघडलं तर वास असा की डोळ्यांत पाणी आलं. कुजल्यासारखा, पण वर आणखी काहीतरी. एका दगडाच्या भोकातून गुलाबी, केसाळ अळी अर्धी बाहेर आली, तिला बघितल्यासारखं केलं आणि परत आत गेली. तिच्या विभागात अशी अळी निघाली असती तर चौकशी बसली असती. हे असलं त्या पोरीसमोर ठेवायचं? आईची एवढी एकच वस्तू आणली बिचारीने, ती अशी घाणीत? तिला भरून आलं, अगदी खरं भरून आलं. सहा महिने ती काहीतरी करायला शोधत होती, असं काहीतरी की जे बोलून दाखवावं लागणार नाही, आणि ते आता दोन बादल्या भरून समोर होतं. तिने हातमोजे चढवले. ताठ केसांचा ब्रश घेतला. उकळतं पाणी, अर्धा तास ब्लीच, मग तीनदा स्वच्छ पाणी. दगड अकरा. एकेकाची भोकं काडीने कोरून काढली. जांभळट, तपकिरी जे काय चिकटलं होतं ते सगळं निघालं आणि आतून पांढरे, कोरे करकरीत दगड निघाले. मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावून तिने पुन्हा मोजले आणि नवऱ्याने आदल्या दिवशी मीठ कालवून ठेवलेल्या टाकीत स्वतःच्या हाताने रचले. मग केस विंचरून मुलीची वाट बघत बसली.

मुलगी आली. दप्तर खाली न ठेवता टाकीपाशी गेली आणि काचेला हात लावून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "हे पांढरे कसे झाले?" कुणालाच विचारलं नव्हतं, नुसतंच. त्या आवाजात असं काही होतं की जिभेवर आलेलं वाक्य, मी केलं हो सगळं, तिने परत गिळलं. तेवढ्यात नवरा आला. तो चष्म्यांचं दुकान चालवतो, दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असतो, आता बरं दिसतं की आधी. घरीही तेच. पडदा लावला, आता बरं की आधी. आमटीत मीठ घातलं, आता बरं की आधी. त्याने टाकीकडे वाकून बघितलं आणि डॉक्टरी आवाजात सांगून टाकलं, "चार दिवस बादलीत अंधारात होते ना. उजेड मिळाला नाही. येईल रंग परत." मुलीने बापाकडे बघितलं, मग तिच्याकडे. ब्लीचचा वास येत होता, पण त्या दिवशी सगळ्या घरालाच येत होता, फरशा, बेसिन, सगळं धुतलेलं. तिने मान हलवली. हो, उजेड. असेल. एवढीशी मान हलवली, आणि पाच आठवडे ती मान तिच्या मानेवर बसली होती.

काय केलंय ते तिला नीट कळलं दोन दिवसांनी, मिठाची पिशवी आणायला माशांच्या दुकानात गेली तेव्हा. दुकानदार भला माणूस, बोलघेवडा. तो म्हणाला, "दगड जुन्या टाकीतले आहेत? मग काय, सोनं आहे तुमच्याकडे. फक्त धुऊ नका हां बाई, नळाखालीसुद्धा नाही. लोक काय काय करतात. एकांनी साबण लावला होता." आणि हसला. तीही हसली. साबण लावणाऱ्या माणसाला हसली. पिशवी उचलून बाहेर आली आणि फुटपाथवर त्या पिशवीवरच बसावं असं तिला वाटलं. नऊ वर्षांचं जे काय त्या दगडांत होतं, एका बाईच्या हातचं पाणी नऊ वर्षं पिऊन वाढलेलं, ते तिने एका दुपारी काडीने कोरून काढलं होतं, आणि वर केस विंचरून शाबासकीची वाट बघत बसली होती. ती रडली नाही. तिला राग आला. स्वतःचा आला, न सांगणाऱ्या नवऱ्याचा आला, आणि खोटं कशाला बोला, त्या गेलेल्या बाईचाही आला. बाई गं, जाताना एवढी चिठ्ठी लिहून ठेवायची होतीस ना. डब्यांवर लिहिलंस, साखर, मीठ, चहा, ज्यांत काय आहे ते आंधळ्यालाही कळतं. दगडांवर नाही लिहिलंस.

सांगायचं होतं. त्याच दिवशी सांगायचं होतं. पण त्या दिवशी मुलीने टेबलावर पाणी तपासायच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि फ्रीजवर एक तक्ता चिकटवला होता, रेघा मारून, तारखा घालून. सर्वांत खाली लिहिलं होतं, पिवळं झालं की मासे. ते बघून तिच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. मग रोज संध्याकाळी तोच प्रकार. मुलगी नळीत टाकीतलं पाणी घ्यायची, एका बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, हलवायची, पाच मिनिटं थांबायची आणि रंगाच्या कार्डाशी लावून बघायची. पिवळं म्हणजे पाण्यात विष नाही. हिरवं म्हणजे आहे. रोज हिरवं. दगडांच्या आत जे मेलं होतं ते सावकाश कुजत होतं आणि ते खायला कुणी उरलेलं नव्हतं. मुलगी तक्त्यावर लिहायची, हिरवं. नवरा म्हणायचा, "बघू." बघू हा त्याचा आवडता शब्द, चष्मेवालाच तो. एकदा तीच म्हणाली, "अहो, किती दिवस बघायचं? दुकानदार तीन आठवडे म्हणाला होता." तो म्हणाला, "घाई करून चालत नाही ह्यात. तिची आई तर सहा-सहा महिने..." आणि मग थांबला, जिथे तो नेहमी थांबतो तिथेच, आणि ताटाकडे बघून जेवायला लागला.

तिची स्वतःची आई दर रविवारी फोनवर बजावायची, "जपून बोल हो तिच्याशी. पोटची असती तर गोष्ट वेगळी. एकदा मन दुखावलं की जन्मभर लक्षात ठेवतात." म्हणून ती जपून बोलत होती. इतकं जपून की तिला स्वतःचाच आवाज ओळखू येत नसे. मुलगी ओला टॉवेल पलंगावर टाकायची. ती गोड आवाजात म्हणायची, "असू दे, मी वाळत घालते हं." मुलगी बाटलीला तोंड लावून पाणी प्यायची, दप्तर वाटेत टाकायची, दिवे चालू ठेवून जायची, खोलीचं दार लावून बसायची आणि आतून दिवसरात्र कसलंसं यंत्र घुरघुरत असायचं, चार्जर की काय देव जाणे. ती एकदाही ओरडली नाही. एकदाही दार ढकलून आत गेली नाही. विभागात तिच्या तोंडाला सगळे वचकून असत, एका डॉक्टरलाही तिने एकदा उभं-आडवं घेतलं होतं. आणि घरी ही अशी, पाहुण्याकडे पाहुणी आल्यासारखी. ओरडायलाही हक्क लागतो, आणि तो कुठल्या ऑफिसात मिळतो ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. कधी कधी भांडी घासताना ती मनातल्या मनात मुलीला झाडायची, अगदी यथासांग, टॉवेलपासून सुरुवात करून दिव्यांपर्यंत. त्याने जरा बरं वाटायचं. मग आठवायचं की आपण काय केलंय, आणि झाडणं मध्येच बंद पडायचं. जिने आईचे दगड मारले ती टॉवेलाबद्दल कुठल्या तोंडाने बोलणार.

त्या दिवशी कामात तिचं लक्ष नव्हतं. पोटाच्या ऑपरेशनचा एक संच तेवीस हत्यारांचा असतो. तिने मोजली तर चोवीस भरली. जोडीला काम करणारी बाई, अकरा वर्षं शेजारी उभी राहिलेली, म्हणाली, "तुमची मोजणी चुकली? आज सूर्य कुठे उगवलाय?" पुन्हा मोजली. चोवीसच. दुसऱ्या संचातला एक चिमटा ह्यात आला होता, एवढंच. तो काढून तिकडे टाकला. पण तिथे, त्या पांढऱ्या दिव्याखाली, चिमटा हातात धरून ती उभी राहिली आणि तिला एकदम काहीतरी टोचलं. काल संध्याकाळी टाकीकडे बघताना ढीग वेगळा वाटला होता. डावीकडे वर, जिथे नुसती फट होती तिथे, काहीतरी गडद. तिने तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. एखादी गोष्ट एकदा मोजली की ती तिच्या डोक्यातून जात नाही, आणि त्या दगडांना ती इतकं टाळत होती की पाच आठवड्यांत तिने ते एकदाही पुन्हा मोजले नव्हते. बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली तरी ती बसली नाही. आज सांगून टाकायचं, तिने ठरवलं. आवाज कसलाही असो. काचेला तडा गेला असेल आणि उद्या सगळं पाणी बैठकीत येणार असेल, तर त्याच्या आत सांगून टाकायचं.

घरी कुणी नव्हतं. तिने बूट काढले, हात धुतले, टाकीसमोर खुर्ची ओढली आणि बोटाने मोजायला लागली. अकरा पांढरे. पाच आठवड्यांत त्यांच्यावर तपकिरी धुळीसारखा थर आला होता, पण ते पांढरेच. आणि डाव्या हाताला, वर, दोन मोठ्यांच्या खांद्यांवर टेकवलेला मुठीएवढा बारावा. जांभळा. कडेला गुलाबी, मध्ये एक खोल भोक. असा ओला, दाट, जुना जांभळा की त्याच्या शेजारी बाकीचे अकरा तिच्या विभागातल्या फरशीसारखे दिसत होते. ती बघत राहिली. आणि मग तिला टॅक्सी आठवली. घर बदललं त्या दिवशी मुलगी मागच्या सीटवर मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली एक रुंद बरणी धरून बसली होती. आईचं काहीतरी असेल, विचारू नये, म्हणून तिने शहाण्यासारखी मान खिडकीकडे वळवली होती. आणि खोलीतली ती घुरघूर. चार्जर कसला, हवेचा पंप होता तो. पाच आठवडे पोरीने पलंगाखाली बरणीत दगड जगवला होता, आणि ही, घरातली मोठी बाई, शिष्टाचार म्हणून दार ढकलत नव्हती.

साडेचारला मुलगी आली. दप्तर वाटेत टाकलं. फ्रीज उघडून बाटली तोंडाला लावली. तिने खुर्चीवरून न उठता विचारलं, "दगड किती आहेत टाकीत?"

मुलीने दोन घोट आणखी घेतले. "बारा."

"अकरा होते."

"काल एक टाकला. माझ्याकडे होता. आईने सगळ्यात आधी आणलेला तो. त्यात झिंगा आहे, बोटाएवढा. तो नांगी वाजवतो, टक् करून. आई काचेवर नखाने वाजवायची, मग तो आतून वाजवायचा." इतकं लांब ती सात महिन्यांत बोलली नव्हती.

इथे तिने सांगायचं ठरवलेलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं, बसमध्ये चार वेळा घोकलेलं, अगदी हळू आवाजात म्हणायचं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आणि तो तू ह्या पाण्यात टाकलास?"

"हो."

"अक्कल गहाण टाकलीस का गं? पाच आठवडे रोज हिरवं येतंय, तूच लिहितेस तिथे तुझ्या हाताने, हिरवं, हिरवं, हिरवं, आणि त्या विषात तू तो एकुलता एक जिवंत उचलून टाकतेस? कुणाला विचारायचं नाही? घरात माणसं नाहीत? का आम्ही खुर्च्या आहोत? काढ तो आधी बाहेर. आण ती बरणी. अगं ह्यांच्यात काही नाही, कळत नाही का तुला, हे सगळे मेलेत, मी धुतलेत ते, मी, ब्रशने घासलेत, ब्लीचमध्ये घातलेत अकराच्या अकरा, आतून नुसते सडतायत, आणि तुझ्या आईचा एक उरला होता तोही तू ह्यांच्यात..." इथे तिचा श्वास संपला. ती उभी राहिलेली होती हे तिला आत्ता कळलं. बोलून तर झालं होतं, पण हे असं नव्हतं बोलायचं. आईचा फोन, सात महिन्यांचं जपणं, सगळं एका दमात धुऊन निघालं होतं, आणि दगडांसारखंच, उकळत्या पाण्याने.

मुलगी बाटलीचं झाकण लावत होती. "ओरडतेस काय एवढी," ती म्हणाली. रडली नाही, घाबरलीही नाही. शेजारचा रेडिओ मोठा झाला तर म्हणावं तसं. "अर्धं पाणी बदललंय काल. परवा पण बदललं होतं. तू कामावर होतीस."

"बदललंस? एवढ्या बादल्या तू एकटीने उचलल्यास? मीठ कालवून?"

"मग कोण उचलणार."

ती परत खुर्चीवर बसली. मग, आता लपवायचं काही उरलंच नव्हतं म्हणून, विचारलं, "तुला माहीत होतं मी धुतले ते."

"ब्लीचचा वास येत होता दगडांना. हात लावून बघितला होता मी, रात्री... नाही, त्याच दिवशी, जेवणाआधी. आणि बाबा उजेडाचं सांगत होते तेव्हा तुझं तोंड दिसत होतं ना." मुलगी टेबलाच्या कडेला टेकली. "मला खूप राग आला होता. मी ठरवलं होतं, हा दगड तिथे कधीच ठेवायचा नाही. तुला दाखवायचापण नाही."

"मग?"

मुलीने खांदे उडवले. उत्तर शोधायला तिने टाकीकडे बघितलं. "बरणी लहान पडायला लागली. पाणी सारखं खराब होतं. आणि तुझ्या दगडांचं काही सुरूच होईना." तुझ्या दगडांचं, ती म्हणाली, सहज, जसं तुझी छत्री, तुझी बस. "दुकानवाले काका म्हणाले, मेलेल्यातपण होतं सुरू, फक्त फार वेळ लागतो. पण शेजारी एक जिवंत ठेवला तर त्याची बाकीच्यांना लागण होते. मग लवकर होतं."

लागण. तेवीस वर्षांत हा शब्द तिने शेकडो वेळा ऐकला होता, लाल अक्षरांत भिंतीवर चिकटवलेला बघितला होता, त्या एका शब्दापायी तिच्या बोटांची कातडी ब्लीचने सोलवटून निघाली होती. कुणी तो असा आशेने उच्चारेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. "आणि तो मेला तर?" ती म्हणाली.

"मेला तर मेला," मुलगी म्हणाली, पण तिचा आवाज तिथे बारीक झाला, आणि तिने पटकन बाटल्यांचा डबा ओढला. तिचं बोट नळीच्या काचेवर घसरलं. तेव्हा तिने मुलीच्या हातातून नळी काढून घेतली. पाणी रेघेपर्यंत घेतलं आणि थेंब पाडायला लागली.

"आठ हां," मुलगी म्हणाली.

"मोजायला तू मला शिकवू नकोस."

पाच मिनिटं दोघी नळीकडे बघत बसल्या. तिचं म्हणणं पडलं की हिरवं आहे. मुलीचं म्हणणं पिवळट आहे. कार्ड खिडकीशी नेलं, दिव्याखाली आणलं, पाठीमागे पांढरा कागद धरला, तरी एकमत होईना. नवरा आला तेव्हा दोघी नळीवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या, आणि दप्तर अजून वाटेतच होतं, त्याला तो अडखळला. चष्मेवालाच तो, त्याच्या हातात नळी दिली. त्याने ती कार्डाच्या एका रंगावर धरली, मग शेजारच्या रंगावर, आणि म्हणाला, "आता बरं वाटतं. की आधी बरं होतं?" दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तो टाकीकडे वळला, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला, आणि जांभळ्या दगडावर बोट ठेवून समाधानाने म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? उजेड मिळाला की रंग येतो परत." त्याला कुणीच काही सांगितलं नाही. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि पोटात भूक होती. मुलगी तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली. ती तिच्यामागे गेली आणि म्हणाली, "दप्तर उचल आधी ते. माणसं पडतील." मुलीने उचललं. झोपायला जाताना दारातून म्हणाली, "उद्या सकाळी पण बघायला हवं पाणी. मी उठणार नाही तेवढ्या लवकर." आणि दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

दुसऱ्या दिवशी ती साडेपाचलाच तयार झाली. थेंब मोजले, पाच मिनिटं घड्याळ लावून थांबली. हिरवं होतं. कालच्या इतकंच की थोडं जास्त, सांगता येईना. पिवळं नक्कीच नव्हतं. तक्त्यावर पाच आठवड्यांचं मुलीचं तिरकं अक्षर होतं, त्याखाली तिने आपल्या हॉस्पिटलच्या सरळ अक्षरात तारीख घालून लिहिलं, हिरवं, आणि जरा थांबून, फिकट. मग झिंगा. भोकाकडे वाकून बघितलं, आत नुसता अंधार. कान लावला. पंप घूं करत होता. ती बूट घालायला दाराशी गेली, एक नाडी बांधली, दुसरी बांधली, आणि तरी आवाज आला नाही. बस यायला सहा मिनिटं होती. रात्रभर विषात बसलाय, गेला असेल. साडेचारला पोरगी घरी येईल, तेव्हा ही बातमी कोण देणार, तर कुणी नाही, ती स्वतःच लावेल शोध, काचेवर नख वाजवून. तिला त्या किड्याचा भयंकर राग आला. पाच आठवडे बरणीत जगलास ना मेल्या, मग आज काय धाड भरलीये. बुटांसकट ती बैठकीत गेली, लखलखीत फरशीवर, आणि नखाने काच वाजवली. एकदा. मग दोनदा. मग जरा जोरात.

"वाजवू नको इतकं," लोटलेल्या दाराआडून झोपाळलेला आवाज आला. "घाबरतो तो."

"तू झोप. मधे बोलू नकोस."

टक्.

बाहेर रस्त्यावर बस वळल्याचा आवाज आला, थांबल्याचा, निघाल्याचा. तेवीस वर्षांत कामाची बस तिने कधी चुकवली नव्हती. पण एका आवाजाचं काय, हीटरचाही असू शकतो. न विचारता, घाईने ठरवलं की जांभळ्याचं पांढरं होतं, हे तिच्याइतकं कुणी शिकलेलं नव्हतं, आता खात्री झाल्याशिवाय ती काही मानणार नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि बुटांसकट टाकीसमोर बसून दुसऱ्या आवाजाची वाट बघू लागली.